सिंकोपेशन म्हणजे ताल चुकणं नव्हे

गायन-वादनाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सिंकोपेशन म्हणजे ताल सोडून गाणं. जॅझवाल्यांनी काढलेली पळवाट. बोलण्यात तेच झालं की अडखळणं.’ यातलं एकही विधान बरोबर नाही.

सिंकोपेशनमध्ये ताल जागचा हलत नाही. आघात अनपेक्षित जागी पडतो. करून बघा. एक ते आठ सारख्या गतीने मोजत राहा, पाय १ आणि ५ वर आपटा, टाळी मात्र १, ४ आणि ७ वर द्या. चौथ्यावरची टाळी पायाच्या जरा आधीच येते आणि सगळी गंमत त्या ओढीत आहे. पाय डगमगला तर ती ओढच उरत नाही. म्हणजे इथे लय जास्तच पक्की लागते.

जॅझच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतातही हे सापडतं. आपल्याकडे समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधी किंवा नंतर येण्याला अतीत-अनागत म्हणतात. तबलजी ते मुद्दाम, हिशेबाने करतात. त्याला बेताल म्हणणं हा त्यांच्या रियाजावर अन्याय आहे.

बोलण्यातला प्रकार वेगळा. तिथे शब्दाच्या मधला स्वर गळतो. ‘कापूस’चं ‘कापसाला’ होताना ऊ जातो, तसा. हे नियमाने होतं, त्यात अडखळणं कुठे आलं?

नवे विद्यार्थी त्या मेसेजमुळे अशा जागा घ्यायला बिचकतील. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.