टेक्सासच्या जुन्या तबकड्या आणि आपला 'अस्सल'चा वाद

जत्रांचे दिवस आले की महाराष्ट्रात एक वाद नव्यानं पेटतो. गावोगाव मोठाले मंच उभे राहतात, स्पीकरच्या भिंती रचल्या जातात, तयार ट्रॅकवर नाच होतो आणि फलकावर नाव असतं लावणीचं. ज्यांनी फडावर आयुष्य काढलं त्या कलावंत बायका हरकत घेतात. मग लेख येतात, मुलाखती येतात आणि दोन दिवसांत सगळा वाद डॅलसमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचतो. इथे तो आणखी कडक होतो. देश सोडून आलेल्या माणसाला मागे राहिलेलं सगळं होतं तस्संच राहावं असं वाटतं. मंडळाच्या गणेशोत्सवात लावणीला कुणी गिटारची साथ घेतली, तरी इथे नाराजीचे मेसेज सुरू होतात.

फडावरच्या बायकांची हरकत मला पूर्णपणे पटते. त्यांचं नाव, त्यांची मेहनत आणि त्यांचं पोट त्या एका नावाशी बांधलेलं आहे. पण आपण बाकीचे, म्हणजे पुण्या-मुंबईत आणि परदेशात बसलेले रसिक, ज्या भाषेत हा वाद घालतो ती मला मान्य नाही. 'अस्सल' आणि 'भेसळ' या दोन खणांत गाणं बसवायला निघालो, की ज्यांच्यावर खरा अन्याय झाला ती माणसं नजरेआड होतात. हे मला नीट समजलं ते टेक्सासमध्ये राहून, इथल्या १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या तबकड्या ऐकता ऐकता.

आम्ही राहतो तिथून फोर्ट वर्थ शहर फार लांब नाही. १९३१ साली तिथल्या बरस मिल नावाच्या पिठाच्या गिरणीनं आपलं 'लाइट क्रस्ट' पीठ खपावं म्हणून रेडिओवर एक वाद्यमेळ सुरू केला, 'लाइट क्रस्ट डोबॉइज'. त्यात दोन तरुण होते. फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर, बॉब विल्स आणि गायला मिल्टन ब्राऊन. गिरणीचे व्यवस्थापक डब्ल्यू. ली ओडॅनियल पुढे टेक्सासचे गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झाले. वादकांनी नाचाच्या कार्यक्रमांत वाजवू नये, असा त्यांचा आग्रह होता. ब्राऊनना ते मान्य झालं नाही. १९३२मध्ये ते बाहेर पडले, त्यांनी आपला 'म्युझिकल ब्राऊनीज' हा मेळ उभा केला आणि गावाबाहेरच्या क्रिस्टल स्प्रिंग्ज या नाचघरात लोकांना रात्र रात्र नाचवलं. वर्षभरात विल्सही निघाले आणि पुढे ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात स्थिरावले. दुपारी केव्हीओओ रेडिओ, रात्री केन्स बॉलरूम असा त्यांचा दिनक्रम बसला.

पुढे ज्याला 'वेस्टर्न स्विंग' म्हणू लागले ते संगीत हेच. त्यात काय काय आहे? फिडल आहे, ती स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांची. ब्लूज आहे, तो कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचा. विल्सचं बालपण त्याच शेतांत, त्याच मजुरांच्या मुलांबरोबर गेलं. ब्रास आणि ड्रम आहेत, ते जॅझचे. मेक्सिकन नाचाच्या चाली आहेत. विल्स काही काळ न्यू मेक्सिकोतल्या रॉय या गावी न्हाव्याचं काम करत होते, तिथल्या मेक्सिकन मंडळींसाठी वाजवताना त्यांनी 'स्पॅनिश टू स्टेप' बांधली. १९३८च्या डॅलसमधल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माते आर्ट सॅथर्ली यांनी तशाच ढंगाची आणखी एक चाल मागितली आणि त्यातून 'सॅन अँटोनियो रोझ' आली. सॅथर्ली स्वतः इंग्लंडहून आलेले. आणि या सगळ्यावर तरंगते ती स्टील गिटार, हवाई बेटांची देणगी. जानेवारी १९३५मध्ये शिकागोला ब्राऊनीजच्या ध्वनिमुद्रणात बॉब डन यांनी ती विजेवर वाजवली. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या गोऱ्यांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या तबकड्यांवर विजेचं तंतुवाद्य तिथे पहिल्यांदा ऐकू येतं. डन यांचं ते वादन आजही कानाला धीट वाटतं. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यानं गिटार हातात घ्यावी तसे ते सूर तोडत, फेकत जातात. माझ्या मते त्या दशकातला तो सर्वांत मोठा वादक, आणि टेक्सासबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

ब्राऊन १९३६मध्ये मोटार अपघातात गेले. आणखी दहा वर्षं मिळाली असती, तर 'वेस्टर्न स्विंग' म्हटल्यावर पहिलं नाव कुणाचं आलं असतं, हा प्रश्न मला पडतो. २०११ साली टेक्सासच्या विधिमंडळानं वेस्टर्न स्विंगला राज्याचं अधिकृत संगीत ठरवलं. म्हणजे राज्यानं आपली ओळख म्हणून जे निवडलं, ते चार दिशांनी आलेल्या माणसांनी मिळून केलेलं गाणं आहे.

बरं, हे मिश्रण नंतर झालं, त्याआधी डोंगरातलं एक शुद्ध गाणं होतं, असं कुणी म्हणेल. तबकड्या तसं सांगत नाहीत. १९२७च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी काही दिवस ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावलं. तिथे कार्टर कुटुंब हा घरच्या गायकांचा मेळ पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला आणि गायक जिमी रॉजर्सही. कंट्री संगीताचा उगम म्हणून या प्रसंगाकडे बोट दाखवतात. पण ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून गाणी गोळा करायचे तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. कार्टर शब्द लिहून घ्यायचे, रिडल चाल डोक्यात ठेवायचे. तबकड्यांवर रिडल यांचं नाव नाही. रॉजर्स यांच्या यॉडलमागे, म्हणजे आवाज झटकन वर-खाली उडवत गाण्यामागे, ब्लूज उघड ऐकू येतो. १९३०मध्ये हॉलिवूडला त्यांनी केलेल्या एका ध्वनिमुद्रणात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर लिल आर्मस्ट्राँग आहेत. (याच रॉजर्सच्या तबकड्या ऐकून किशोरकुमार यॉडलिंग शिकले असं सांगितलं जातं. तसं असेल, तर मिसिसिपीच्या रेल्वे कामगाराचा आवाज आपल्या लहानपणीच्या रेडिओपर्यंत पोचला होता.) काऊबॉय गाण्यांचंही तेच. जॉन लोमॅक्स यांनी १९१०मध्ये त्यांचा संग्रह छापला. त्यातलं पुढे सर्वांत गाजलेलं गाणं त्यांनी सॅन अँटोनियोतल्या एका कृष्णवर्णीय मद्यगृहवाल्याकडून उतरवून घेतलं होतं.

मग 'गोऱ्यांचं डोंगरी संगीत' आणि 'काळ्यांचं संगीत' ही विभागणी आली कुठून? विक्रीच्या कॅटलॉगमधून. १९२०च्या दशकात कंपन्यांनी दोन वेगळ्या मालिका काढल्या. गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी 'जुन्या चाली', काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स'. क्रमांक वेगळे, जाहिराती वेगळ्या. ध्वनिमुद्रणाची खोली मात्र एकच असे. १९३६च्या नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात ब्लूजचे रॉबर्ट जॉन्सन गायले, आणि त्याच दिवसांत त्याच ठिकाणी मेक्सिकन गायिका आणि गोऱ्यांचा एक भजनी मेळही. १९३७मध्ये डॅलसच्या ५०८ पार्क अॅव्हेन्यू या इमारतीत जॉन्सन पुन्हा गायले. त्याच इमारतीत डोबॉइजही ध्वनिमुद्रित होत. एका दारातून आत गेलेलं संगीत दोन वेगळ्या कपाटांत जाऊन पडलं. पुढच्या पिढ्यांनी त्या कपाटांनाच परंपरा मानलं.

आता आपल्याकडे पाहू. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, त्या उत्तरेच्या ठुमरी-गझलांच्या वळणाच्या. त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त साकी-दिंडीबरोबर कानडी चालीही आल्या. आज आपण ज्या नाट्यसंगीताला मराठीपणाचा मानदंड म्हणून समोर ठेवतो, ते जन्मापासून असं आहे. त्याची मुख्य साथ ज्या पेटीची, ती युरोपातून आली आणि टेंबे तिचे नामांकित वादक होते. तीच पेटी परकी ठरवून आकाशवाणीनं १९४०मध्ये बंद केली आणि १९७१पर्यंत ती बंदी उठली नाही. बैठकीच्या लावणीत ठुमरीचं अंग आहे, हे तर कुठलीही जाणकार गायिका सांगेल.

नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात ड्रमला असाच मज्जाव होता. डोंगरी संगीतात ड्रम कसले, अशी तिथली भूमिका. डिसेंबर १९४४मध्ये बॉब विल्स आपला पूर्ण मेळ घेऊन गेले आणि ड्रमशिवाय वाजवणार नाही यावर अडून बसले. ड्रम वाजला. आज त्या संगीताची ड्रमशिवाय कल्पनाही करता येत नाही, जशी नाट्यपदाची पेटीशिवाय. कोणतं वाद्य आपलं, हे कार्यालयात बसून ठरवलेलं टिकत नाही. वाजवणारे आणि ऐकणारे ते ठरवतात, आणि त्यांना तेवढा अवकाश द्यावा लागतो.

म्हणून लावणीला कीबोर्ड लागला, इलेक्ट्रॉनिक पॅड आला, याची मला चिंता वाटत नाही. चिंता दुसरीच आहे. तयार ट्रॅक लावला की ढोलकीवाला घरी बसतो. तुणतुणं धरणारा, झील ओढणारा, सूर धरून साथ करणारा सुरत्या, सगळेच घरी बसतात. गाणारीही घरी, कारण आवाज आधीच भरलेला असतो. विल्सनी नवी वाद्यं आणली तेव्हा मंचावरची माणसं वाढली, नव्या हातांना काम मिळालं. आपल्या जत्रेतल्या मंचावर माणसं कमी होत चालली आहेत. दोन्हीला 'बदल' हे एकच नाव देणारे लोक मला ग्रुपवर भेटतात, तेव्हा मी त्यांना हा हिशेब मांडून दाखवतो. फडावरच्या बायकांचं म्हणणं मुळात हेच आहे. आपण मात्र त्यांच्या रोजीचा प्रश्न उचलून त्याचा शुद्धतेचा प्रश्न करून टाकतो.

आणि मानाचं काय? डीफोर्ड बेली हे हार्मोनिका वाजवणारे कृष्णवर्णीय कलावंत ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतले लाडके वादक. १९४१मध्ये त्यांना काढून टाकलं. पुढे त्यांनी नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिशचं दुकान चालवलं. १९८२मध्ये ते वारले आणि कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव २००५मध्ये लागलं. हे वाचताना मला विठाबाई नारायणगावकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेली ही कलावंत शेवटच्या दिवसांत पैशांच्या विवंचनेत होती. २००२मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. पुरस्कार चांगलाच आहे. तोच पैसा आणि तीच आस्था त्यांच्या हयातीत दारी पोचली असती तर, एवढंच मला म्हणायचं आहे. दोन्ही देश यात सारखेच दोषी आहेत. अमेरिकेला इथे झुकतं माप देण्याचं काही कारण नाही.

एका बाबतीत मात्र अमेरिका आपल्या फार पुढे आहे आणि दुसऱ्या एका बाबतीत आपण तिच्या पुढे आहोत. आधी दुसरी बाब. इथल्या २०१८च्या कायद्यानुसार १९२२पर्यंतच्या तबकड्या १ जानेवारी २०२२ला कॉपीराइटमधून मुक्त झाल्या. टेक्सासचे फिडलवादक 'एक' (Eck) रॉबर्टसन यांनी १९२२मध्ये न्यूयॉर्कला जाऊन फिडल वाजवली, ती कंट्री संगीताची पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणं मानतात आणि ती आज सगळ्यांची आहेत. पण १९२३ ते १९४६च्या तबकड्यांना शंभर वर्षांची मुदत आहे. विल्स यांच्या १९३५च्या तबकड्या २०३६पर्यंत मोकळ्या होणार नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे मोजतात, पण तबकडीपुरतं बोलायचं तर १९६०च्या आधी निघालेल्या सगळ्या मराठी तबकड्या आज मोकळ्या आहेत. एचएमव्ही, ओडियन, मुंबईची 'यंग इंडिया', सगळ्या. कायद्यानं दार सताड उघडलेलं आहे.

आत मात्र कुणी जात नाही. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयानं २०११पासून 'नॅशनल ज्यूकबॉक्स'वर हजारो जुन्या तबकड्या कुणालाही फुकट ऐकायला ठेवल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जुन्या अमेरिकी तबकड्यांची सूची आहे. तीत मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीनं त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला क्रमांक), तारीख, गाव, आणि माहीत असेल तिथे प्रत्येक वादकाचं नाव मिळतं. बॉब डन त्या दिवशी त्या खोलीत होते, हे मी घरबसल्या पाहू शकतो. आपल्याकडे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतल्या हौशी संग्राहकांनी पदरमोड करून जे जपलं, त्याला तोड नाही. पण राज्याच्या, विद्यापीठाच्या ताकदीनं व्हायला हवं ते काम थोड्या माणसांच्या खांद्यावर आहे. लावणीच्या तबकडीवर गायिकेचं नाव असतं, कधी कवीचं असतं. ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, हे लेबलवर क्वचितच मिळतं, आणि ते सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत. सगळी भांडणं बाजूला ठेवून आज घाई करायची तर ती या नावांसाठी.

आमच्या मंडळातल्या लोकांपुढे मी हेच मांडतो आहे. गावी आजोबांच्या कपाटात तबकड्या असतील, तर पुढच्या सुट्टीत त्या बाहेर काढा. प्रत्येकीच्या लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, क्रमांक स्पष्ट येऊ द्या. भंगारवाल्याला देण्याआधी एखाद्या संग्राहकाला दाखवा. आणि गावात जुना ढोलकीवाला किंवा सुरत्या हयात असेल, तर त्याच्यासमोर बसून विचारा, कुणाच्या फडात होतात, कुणाबरोबर मुंबईला ध्वनिमुद्रणाला गेला होतात, किती पैसे मिळाले. त्याची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि नाव पूर्ण लिहा, गावासकट.