थंडीत गाडी थडथडली म्हणून नोझल बदलू नका

थंडी पडली की एक मेसेज फिरायला लागतो. ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांच्यापर्यंत तो कुठून ना कुठून पोचतोच. मजकूर थोडक्यात असा: "सकाळी गाडी थडथडते, पांढरा धूर सोडते? नोझल गेले, सगळे बदला. हीटर प्लग बघत बसू नका, ते खराब असते तर गाडी सुरूच झाली नसती. तोवर टाकीत थोडं पेट्रोल घाला, सकाळी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तरीही अडली तर हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारा."

हा सल्ला ऐकून मीही एकदा चारही नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच थडथडली. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हीटर प्लग खराब असते तर गाडी सुरूच झाली नसती." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. थंड सकाळी सिलिंडरचं लोखंडच ती उष्णता ओढून घेतं, आणि ती तूट हीटर प्लग भरून काढतो. चार सिलिंडरांना चार प्लग. त्यातले दोन मेले तरी उरलेल्या दोन सिलिंडरांवर गाडी सुरू होऊ शकते. बाकीचे दोन मात्र कधी पेटतात, कधी नाही, आणि इंजिन हादरत राहतं. मिनिट-दोन मिनिटांत धातू तापला की सगळं सुरळीत. बऱ्याच इंजिनांत प्लग सुरू झाल्यावरही काही वेळ तापत ठेवतात, ते ही थडथड आणि धूर कमी व्हावा म्हणूनच.

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असंही धरू नका. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा नुसता टायमरवर चालतो.

तपासणी सोपी आहे. चारही प्लगना जोडणारी धातूची पट्टी आधी सोडवा. ती तशीच ठेवून तपासलं तर एक चांगला प्लग बाकीच्या तिघांचा दोष झाकतो. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगच्या माथ्याला टेकवा. माझ्या गाडीत पहिल्याला दिवा लख्ख लागला. दुसऱ्याला काहीच नाही. माथा पॉलिश पेपरनं घासून पुन्हा टेकवलं, तरी काही नाही. तिसऱ्याला लागला, चौथा मेलेला. मल्टिमीटर असेल तर चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो. बॅटरीची वायर मात्र थेट प्लगला लावू नका, काही प्लग 12 व्होल्टपेक्षा कमी दाबाचे असतात. प्लग चांगले निघाले आणि चावी फिरवल्यावर पट्टीवर करंटच येत नसेल, तर रिले, फ्यूज किंवा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघा. आणि जुना प्लग जोर लावून काढू नका. हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या झाकणात) मोडला तर काम दसपट वाढतं.

"पांढरा धूर म्हणजे नोझल गेले." नुसत्या रंगावरून हे ठरत नाही. वास घ्या. कच्च्या डिझेलचा उग्र वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील आणि गाडी तापल्यावर धूर जात असेल, तर डिझेल न पेटता बाहेर येतंय. त्याचं कारण प्लग असेल, कमी काँप्रेशन (हवा पुरेशी न दाबली जाणं) असेल किंवा मागे गेलेलं टायमिंग (डिझेल उशिरा फवारलं जाणं). नोझलकडे दाबानं डिझेल ढकलणाऱ्या जुन्या पंपांवर थंडीत टायमिंग पुढे ओढणारी व्यवस्था असते, ती अडकली तरी हेच होतं. गोडसर वास, तापल्यावरही टिकणारा धूर आणि कूलंट कमी होणं, हे हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याचं लक्षण.

सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थची वायर. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापतच नाही.

थडथड कधी होते, हे धुराच्या रंगाइतकंच महत्त्वाचं आहे. सुरू होताना खराब आणि मग सुधारते, तर उष्णता कमी पडतेय. छान सुरू होते आणि थोड्या वेळानं दम सोडते, तर डिझेल पोचत नाहीये: फिल्टर चोंदला, किंवा कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरवर बसलं. रात्रभर उभी राहून खूप सेल्फ मारल्यावर लागते, तर तिनं एअर धरली (डिझेलच्या पाइपात हवा शिरली) असण्याची शक्यता जास्त. कडक झालेले रबरी पाइप थंडीत आकसतात. सकाळी हातपंपानं डिझेल चढवून बघा. लगेच लागली तर पाइप आणि जोड तपासा.

म्हणूनच गाडी चालवत गॅरेजला नेऊन काही कळत नाही. पोचेपर्यंत ती तापते, दोष गायब होतो आणि मिस्त्री अंदाजानं नोझलवर बोट ठेवतो. आदल्या संध्याकाळी गाडी तिथे उभी करा. सकाळी पहिला सेल्फ मिस्त्रीनंच मारावा.

"थोडं पेट्रोल घाला." काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत याला परवानगी होती, हे खरं. पण ती मेण धरू नये म्हणून होती, थडथडीसाठी नाही. पेट्रोल आपोआप पेटू नये असंच बनवलेलं असतं, त्यामुळे थंड सिलिंडरात ते पेट घेणं आणखी लांबवतं. शिवाय पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. कॉमन रेल गाडीत (जिथे एका सामाईक नळीतून प्रचंड दाबानं डिझेल सगळ्या नोझलना जातं) तर हा प्रयोग अजिबात करू नका.

"पंधरा मिनिटं जागेवर." डिझेल इंजिन आयडलला इतकं कमी इंधन जाळतं की नीट तापतच नाही. एखाद मिनिटात हलक्या पायानं निघा, रेस करू नका.

स्प्रेबद्दल एवढंच: त्यात बहुधा ईथर असतं. तापलेल्या प्लगवर ते वेळेआधी भडकतं, आणि पिस्टन-रिंगा मोडू शकतात.

नोझल खरोखर खराब होतात, नाही असं नाही. पण मग गाडी तापल्यावरही ठोका येत राहतो, काळा धूर येतो, डिझेल जास्त लागतं. कोणता सिलिंडर मागे आहे हे बघायला जुने मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या पाइपाचा नट सैल करतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नका, 1000 बारच्या वरची ती धार कातडीतून आत शिरते. त्यापेक्षा नोझल काढून टेस्ट बेंचवर (नोझल तपासायच्या यंत्रावर) फवारा बघा. मी बदललेले चार जुने नोझल नंतर बेंचवर लावून घेतले. चारही फवारे धुक्यासारखे, एकसारखे. टोकाला एक थेंबही लोंबत नव्हता.