विमान ओझरचं, गेट मुंबईचं

नाशिककराला विमानाचं अप्रूप नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शहराजवळच्या ओझरला १९६४ पासून एचएएल आहे, म्हणजे लढाऊ विमानांचा सरकारी कारखाना, मिग तिथं बनली, सुखोई तिथं बनली, २०२५ च्या ऑक्टोबरात तेजस पण तिथून उडालं. दुपारी जेवून जरा आडवं झालं की डोक्यावरून सुखोई जातं, खिडक्या थरथरतात, कुत्री भुंकतात, पुण्याहून आलेले पाहुणे दचकून उठून बसतात आणि आम्ही नुसती कूस बदलतो. माझे मामा एचएएलमधून रिटायर झालेले, ते तर आवाजावरनं कुठलं विमान ते सांगतात, कुणी विचारलेलं नसलं तरी. प्रॉब्लेम एवढाच आहे की यातल्या एकातही बसून हैदराबादला मुंजीला जाता येत नाही.

बसून जायचं विमान हा आमच्याकडे वेगळाच विषय आहे. २०१४ ला ओझरला टर्मिनल झालं, एकदम चकाचक, फरशी अशी की भांग पाडून घ्यावा, फक्त विमान नव्हतं. मग डिसेंबर २०१७ मध्ये लहान गावं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत १८ सीटांचं एक छोटंसं विमान मुंबई-पुण्याला जायला लागलं, पेपरात फोटोबिटो, ते बंद पडलं. २०१८ ला जेट एअरवेजनं दिल्ली सुरू केली, म्हटलं चला आता झालं, तर एप्रिल २०१९ ला ती अख्खी कंपनीच जमिनीवर आली. नंतर बऱ्याच आल्या, काही गेल्या, काही अजून आहेत, त्यांचं भलं होवो. पण नाशिकमध्ये "ओझरहून डायरेक्ट आहे ना आता" असं कुणी म्हणालं की समोरचा लगेच विचारतो, "आज आहे का?"

तर आमचं झालं असं की बायकोच्या मावसबहिणीच्या मुलाची मुंज सिकंदराबादला ठरली आणि त्याच सुमारास एका छोट्या कंपनीचं ओझर-हैदराबाद विमान चालू होतं. कंपनीचं नाव घेत नाही, बिचाऱ्यांचं आधीच काय कमी चाललंय. विमान म्हणजे एटीआर, दोन पंख्यांचं, सत्तरेक सीटांचं. सासूबाईंनी फोटो बघूनच विचारलं, "हे पंखे बाहेरून का लावलेत?" मामांनी मग त्यांना टर्बोप्रॉप म्हणजे काय ते समजावलं, की इंजिन जेटसारखंच असतं पण ताकद सगळी पंखा फिरवायला जाते, पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत याला जेटपेक्षा बरंच कमी इंधन लागतं, आणि आपल्याकडे ८० पेक्षा कमी सीटांच्या विमानाला लँडिंग चार्ज पण माफ असतो. सासूबाई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे स्वस्तातलं आहे."

तिकिटं काढली. ओझर घरापासून पाऊण तास, द्वारका चौकात अडकलो तर जास्त, पण मग आडगाव, दहावा मैल आणि आलंच. आठ गेट नाहीत, सरकते जिने नाहीत, सासूबाईंच्या गुडघ्याला यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

आणि तेवढ्यात त्या कंपनीला मोठं व्हायची हुक्की आली.

पहिली बातमी मामांनीच व्हॉट्सअॅपवर टाकली, तीन टाळ्या आणि एक विमान लावून. कंपनीनं भाड्यानं जेट घेतलीत, १८० सीटांची, आता मुंबई-दिल्ली, मुंबई-हैदराबाद, दिल्ली-बेंगळुरू सुरू करणार. ग्रुपवर "अभिनंदन" "अभिमानास्पद" चालू झालं, जणू कंपनी आमच्या कॉलनीतली. मला मात्र पोटात कसंतरी झालं, कारण वैमानिक तेवढेच, इंजिनिअर तेवढेच, पैसे तर त्याहून कमी, मग हे जेट चालवणार कोण आणि पंखेवालं उभं राहणार कुठं? तर ओझरला. आणि ओझरला पण नाही, हैदराबादला हँगरमध्ये.

मेसेज आला तो अगदी कायद्यात बसवून आला. विमान रद्द झाल्याचं दोन आठवडे आधी कळवलं की कंपनीनं दुसरं विमान द्यायचं किंवा पैसे परत करायचे, वरची नुकसानभरपाई लागत नाही, असा डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचा, नियम आहे, आणि ती मुदत संपायच्या जरासं आधी मोबाईल टुंग झाला. मी फोन लावला. खूप वेळ सतार ऐकल्यावर एक मुलगी आली, आवाज इतका गोड की भांडायला लाज वाटावी.

"सर, तुमची नाशिक-हैदराबाद फ्लाइट ऑपरेशनल रीझनमुळे कॅन्सल झालीये, पण गुड न्यूज आहे, आम्ही तुम्हाला आमच्या नवीन जेटवर शिफ्ट केलंय, नो एक्स्ट्रा चार्ज."

"बरं. कुठून आहे जेट?"

"मुंबईहून, सर."

"मी नाशिकला राहतो."

"हो सर, दिसतंय मला."

"मग नाशिक ते मुंबई?"

"सर, ते सेक्टर आम्ही ऑपरेट करत नाही."

मी म्हटलं ताई, तुमचंच विमान पकडायला मी एकशे सत्तर किलोमीटर जायचं का, तर म्हणाली, "सर, फ्लाइट ऑन टाइम आहे." यावर काय बोलणार? आणि टाइम काय तर पहाटे पाच पन्नास. ही वेळ कुणाला हौस म्हणून नाही मिळत, मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, स्लॉट, म्हणजे उडायच्या-उतरायच्या ठरलेल्या वेळा, आधीच फुल्ल, आठ-नऊची ऑफिसवाली वेळ जुन्या मोठ्या कंपन्यांकडे. नवीन आलेल्याला उरलंसुरलं. तसं इतर कंपन्यांच्या तिकिटांचे भाव पण बघितले, पण मुंजीच्या सीझनला शेवटच्या क्षणी चार तिकिटं म्हटल्यावर बायकोनंच लॅपटॉप मिटला.

मग रात्री साडेबाराला निघालो. गाडीवाला सातपूरचा, बडबड्या, त्याला नाशिक-मुंबई एअरपोर्ट सोडून दुसरा रस्ताच माहिती नाही. तो म्हणे, "काका, ओझरचं विमान बंद पडलं ना की आमची दिवाळी असते. तुम्ही दुःख नका करू, मागं झोपा." झोपणार कसे? सासूबाई पुढच्या सीटवर, त्यांना बोगदा बघायचा होता. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे तुकडा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट सगळा पोटाखालून जातो, खरंच भारी काम आहे, बोगदा संपेपर्यंत सासूबाईंनी रामरक्षा पूर्ण केली. पण आमणेला समृद्धी संपते आणि भिवंडी सुरू होते. रात्री दोन वाजता इतके कंटेनर, इतके खड्डे, इतके हॉर्न की मला वाटलं हा काहीतरी सण आहे. पुढं माजिवड्याला कुठंतरी खोदकाम, घोडबंदरला डायव्हर्जन, आणि अंधेरीच्या आसपास बायकोनं विचारलं, "टर्मिनल वन की टू?" आणि गाडीत जी शांतता पसरली ती फार बोलकी होती. तिकिटावर वन होतं, मेसेजमध्ये टू. दोन्हींच्या मध्ये चारेक किलोमीटर आणि मुंबई. गाडीवाल्यानं कंपनीचं नाव ऐकून सांगितलं, "वनच. मागच्या आठवड्यात एकांना टूला सोडलं, रडले ते." माणसानं ज्ञान कुठून मिळेल तिथून घ्यावं.

आता मजा ऐका. विमानात चढलो, एकशेऐंशी सीटा, निम्म्याहून जास्त रिकाम्या. मी बसतो न बसतो तोच मागून आवाज, "अरे, तुम्ही पाथर्डी फाट्याचे ना?" वळून बघतो तर एक द्राक्षवाले पिंपळगावचे, त्यांच्यापुढं इंदिरानगरचं जोडपं, पलीकडे सिन्नरच्या कंपनीतले दोघं इंजिनिअर, खिडकीशी जेलरोडच्या काकू, पिशवीत चिवड्याचे पुडे. विमानात जे काही माणूस होतं ते जवळपास सगळं आमच्या रद्द झालेल्या विमानाचं! सगळे रात्रभर घाट उतरून आलेले, डोळे लाल. मुंबईचा माणूस कुणी चढलाच नव्हता, तो का चढेल, त्याला त्याच तासाभरात मोठ्या कंपन्यांची दोन-तीन विमानं होती, ओळखीची, अॅपमध्ये पॉइंट जमा होणारी. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोकडे, त्यांनी त्या रूटवर महिनाभर पाचशे रुपये कमी केले तर त्यांना डास चावल्याइतकं पण नाही लागत, आणि छोट्या कंपनीचा पगार थांबतो. म्हणजे गल्लीत एकटा मिसळवाला, सकाळी सातला दारात रांग, त्यानं एके दिवशी गल्लीतलं दुकान बंद करून कॉलेज रोडला चौथ्या मिसळवाल्याशेजारी टेबल टाकायचं आणि मग गल्लीतल्या गिऱ्हाइकांना फोन करून तिकडं बोलवायचं, यातला प्रकार.

पिंपळगावचे म्हणाले, "ओझरहून गेलो असतो तर आत्ता झोपून उठलो असतो." खरंच होतं. पंखेवाल्यापेक्षा जेटनं हवेत दहा-पंधरा मिनिटं वाचवली असतील आणि त्यासाठी आम्ही रात्र घातली. सासूबाई मात्र खुश. म्हणाल्या, "याचे पंखे आत आहेत."

मुंज छान झाली, त्यावर काही सांगण्यासारखं नाही, मुलगा रडला आणि जेवणात आमटी फार आंबट होती.

परत आल्यावर मामांशी वाद घातला. मामा म्हणे अरे, धंदा वाढवायला नको का, ओझरहून किती कमावणार? मी म्हटलं मामा, एअर डेक्कनचं काय झालं? ते पण २००३ ला एटीआरवर सुरू झाले, कॅप्टन गोपीनाथांनी हुबळी, बेळगाव असली गावं जोडली, लोक पहिल्यांदा विमानात बसले. मग २००४ ला एअरबस आणल्या, दिल्ली-बेंगळुरूला उतरले, एक रुपयाची तिकिटं विकली, २००७ ला मल्ल्यांच्या किंगफिशरकडे गेले आणि २०१२ ला ते किंगफिशरच उडायचं थांबलं. एअर कोस्टा विजयवाड्याची, २०१३ ला एम्ब्राएर जेट घेऊन आली, २०१७ ला संपली. मामा म्हणाले, "सरकारनं अनुदान दिलंय की आता." दिलंय ना. उडान सुरू झालं तेव्हा ठरलं होतं की तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या सीटा अडीच हजारात द्यायच्या, तोटा सरकार तीन वर्षं भरून देणार, तीन वर्षं त्या रूटवर दुसरं कुणी येणार नाही. पण सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात लिहिलंय की वाटलेल्या ७७४ रूटपैकी ३७१ सुरू झाले, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी, आणि त्यापुढं टिकले ५४. मामा चष्मा पुसत म्हणाले, "मग ५४ टिकले की!" एचएएलच्या माणसाला आशा फार.

शिवाय गंमत बघा, मोठ्या कंपन्यांवर १९९४ पासून नियम आहे की मुंबई-दिल्ली, मुंबई-हैदराबाद असल्या बारा मलईच्या रूटवर जेवढ्या सीटा उडवाल त्याच्या काही टक्के ईशान्येला, काश्मीरला, बाकीच्या लहान रूटवर उडवा. पुढं ती यादी बदलली, पण कल्पना तीच. म्हणजे सरकार मोठ्यांना ढकलून लहान गावी पाठवतंय आणि आमची छोटी कंपनी लहान गावाहून पळून मोठ्यांच्या मध्ये जाऊन बसतीये. दोघं वाटेत कसाऱ्याला भेटत असतील.

पुढं व्हायचं ते झालं. जेटच्या मालकाला भाडं वेळेवर मिळेना, तो विमानं घेऊन गेला. मुंबई-दिल्ली बंद झाल्याचं मुंबईत कुणाला कळलं पण नाही. मग कंपनीनं पत्रक काढलं की आम्ही आमच्या मुळांकडे परत जातोय, छोट्या शहरांची सेवा, वगैरे, आणि ओझर-हैदराबाद पुन्हा सुरू, तेच पंखेवालं. मामांनी ग्रुपवर परत तीन टाळ्या टाकल्या.

बायको म्हणाली, मावशीकडे आता डोहाळजेवण आहे, जायचं का? मी म्हटलं जाऊ की, कंपनीकडे सध्या एकही जेट नाही, हीच वेळ आहे. तिनं लगेच सासूबाईंसकट तिकिटं काढली, ओझर सकाळी अकराची. आणि फोन खाली न ठेवताच सातपूरच्या गाडीवाल्याला लावला, "दादा, त्या रात्रीचं जरा धरून ठेवा हं आमचं." तो म्हणाला, "धरलंय वहिनी, जाहिरात बघितली तेव्हाच."