‘गवत उगवलंय म्हणजे जमीन चांगली’: बंद कारखान्याच्या जागेविषयीच्या एका मजकुराचा प्रतिवाद

जुन्या कारखान्याची जागा घेणाऱ्यांसाठी एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली असली, की रसायनं मुरून-उडून गेलेली असतात. गवत-झुडपं वाढली असतील तर माती चांगली. बोअरचं पाणी नितळ आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) कमी असेल तर पाणीही चांगलं. तरी शंका असेल तर चार कोपऱ्यांतली माती एकत्र करून एक नमुना लॅबला द्या, आणि काही सापडलंच तर वरची दोन फूट माती काढून भराव टाका. ऐकायला सगळं पटतं, आणि तोच घोळ आहे.

‘वीस वर्षांत सगळं मुरून जातं’

मुरतं, हे खरंच. पण मुरलेलं जातं कुठे? यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला वर्षानुवर्षं वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, घ्या. त्याची घनता १.४६, पाण्याच्या जवळपास दीडपट. पेट्रोल-डिझेल पाणीपातळीवर तरंगतं; टीसीई भूजलातूनही खाली उतरतं आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतं. तिथून ते हळूहळू विरघळत राहतं. थोडं चिकणमातीत शिरतं आणि वरचं पाणी स्वच्छ झाल्यावर पुन्हा बाहेर झिरपतं. हे दशकानुदशकं चालू शकतं.

किती पुरतं? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीई म्हणजे १.४६ किलो. भागाकार केला तर तेवढ्यात सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. गळका पिंप एकच असला तरी भागतं.

ऑक्सिजन नसलेल्या भूजलात काही जिवाणू टीसीईचं विघटन करतात, हे मान्य. पण ते क्लोरीनचा एकेक अणू काढत जातात: आधी डायक्लोरोइथिलीन, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी इथिन. शेवटच्या पायऱ्यांचे जिवाणू तिथे नसले की गाडी मध्येच अडते, आणि व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा तर टीसीईपेक्षाही कडक, २ मायक्रोग्रॅम. म्हणून लॅबला नुसतं ‘टीसीई तपासा’ न सांगता ही सगळी साखळी मागायची. शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांचं विघटन होतच नाही. ती फार तर रूप किंवा जागा बदलतात. अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलमध्ये रासायनिक कचरा गाडून, वर माती टाकून ती जागा १९५३ साली शाळा मंडळाला दिली गेली. तिथे आणीबाणी जाहीर झाली १९७८ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनीही गाडलेलं मुरून गेलं नव्हतं.

‘गवत उगवलंय’

गवताची बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीत असतात. सहा मीटर खालच्या टीसीईचा त्यांना पत्ताही नसतो. शिसं तर मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटतं, की ते मुळांपर्यंत फारसं पोचतच नाही, पण तीच धूळ मुलांच्या हातातोंडात जाते. गवताचा उपयोग उलट दिशेने होतो: आजूबाजूला हिरवं असताना मधेच एक उघडा, डागाळलेला पट्टा राहिला असेल तर तिथे आधी नमुना घ्यावा.

‘पाणी नितळ आहे, टीडीएस कमी आहे’

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखवतो. टीसीई, बेंझिन यांचे आयन होत नाहीत, त्यामुळे मीटरला ते दिसत नाहीत. मर्यादेच्या कित्येक पट जास्त असले तरी पाणी नितळच असतं, आणि वासही येईलच असं नाही. लॅबची ‘पिण्याच्या पाण्याची साधी तपासणी’ही इथे कामाची नाही, तिच्यात सहसा पीएच, कडकपणा, क्लोराइड, जिवाणू अशाच गोष्टी असतात.

अहवालात ‘आढळले नाही’ असं असेल तर शेजारी शोधमर्यादा, म्हणजे लॅबला दिसू शकणारं सगळ्यात कमी प्रमाण, बघा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आणि लॅबला ५० च्या खालचं दिसतच नसेल, तर त्या शेऱ्याला काही अर्थ नाही.

शिवाय जुनी बोअर ही नमुन्याची जागाच नव्हे. ती अनेक थरांतलं पाणी एकत्र ओढते, त्यात दूषित थराचं पाणी पातळ होऊन जातं. त्यासाठी वेगळ्या निरीक्षण विहिरी लागतात: साधारण ५० मिलिमीटरचा पाइप, ठरावीक खोलीवर तीनेक मीटरची जाळी, भोवती धुतलेली वाळू आणि वर बेंटोनाइटची, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या मातीची, सील. किमान तीन, त्याही त्रिकोणात. एका रेषेत असतील तर पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते काढता येत नाही. पाइपच्या तोंडांची उंची लेव्हलने मोजलेली हवी, कारण तीन विहिरींच्या पातळ्यांत फरक कधीकधी काही सेंटिमीटरचाच असतो. एक विहीर प्रवाहाच्या वरच्या बाजूला हवीच, नाहीतर शेजाऱ्याचं प्रदूषण तुमच्या नावावर जमा होईल.

पंप मिनिटाला ०.१ ते ०.५ लिटर इतका हळू चालवायचा आणि पीएच, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाल्यावरच बाटली भरायची. बेलरने, म्हणजे दोरीला बांधलेल्या नळकांड्याने, दणादण उपसलं की दोन चुका एकदम होतात: उडणारी रसायनं निघून जातात आणि गढूळपणामुळे धातूंचा आकडा फुगतो.

‘चार कोपऱ्यांतली माती एकत्र करा’

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा. समजा तीन ठिकाणी शिसं किलोला ३० मिलिग्रॅम आहे आणि चौथ्या ठिकाणी १,५००. मिसळल्यावर आकडा येतो ३९८ च्या आसपास. म्हणजे जिथे गंभीर आहे ती जागा लपली आणि जिथे काही नाही ती बदनाम झाली. उडणाऱ्या रसायनांचं तर घमेल्यात ढवळतानाच बाष्प होतं. लॅबला पोचते ती धुतल्या तांदळासारखी माती.

उडणाऱ्या रसायनांसाठीची माती बोअरमधून काढलेल्या मातीच्या अखंड दांड्याच्या गाभ्यातून छोट्या सिरिंजने सुमारे ५ ग्रॅम काढून लगेच मिथेनॉलच्या कुपीत सोडायची. पाण्यासाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या, आत हवेचा बुडबुडाही नको, बर्फावर ४ अंशांच्या आसपास, आणि आम्ल घातलेलं असेल तर १४ दिवसांच्या आत तपासणी. सोबत लॅबमध्येच शुद्ध पाण्याने भरलेली एक कुपी न उघडता फिरवून आणायची. तिच्यात काही निघालं तर भेसळ वाटेत झाली.

आणि कोपरेच का? कारखान्यात कोपऱ्यात सहसा काही सांडत नाही. सांडतं ते टाकीच्या तोंडाशी, डिग्रीझरच्या (ग्रीस काढायच्या यंत्राच्या) खड्ड्याभोवती, ट्रान्सफॉर्मरखाली, गटाराच्या सांध्यांत, शोषखड्ड्यात. म्हणून यंत्र आणण्याआधी जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवाने, रसायनांची खरेदी बघायची आणि जुन्या फिटर-ऑपरेटरांशी बोलायचं. ‘उरलेलं कुठे ओतायचात?’ या एका प्रश्नावर बरंच कळतं. मुलामा देणाऱ्या कारखान्यात क्रोमियम, निकेल, सायनाइड शोधायचं. सहा-संयुजी क्रोमियम वेगळं मागायचं, कारण पाण्याबरोबर तेच पळतं.

हवेतली रसायनांची वाफ अतिनील दिव्याने ओळखणाऱ्या हातातल्या पीआयडी मीटरवरही भिस्त नको. त्याच्या नेहमीच्या १०.६ इव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जेच्या दिव्याला टीसीई दिसतं, क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड नाही. धातू तर कुठल्याच दिव्याला दिसत नाहीत.

‘दोन फूट माती काढा’

धुळीतून पसरलेलं शिसं वरच्या थरात असेल तर हा उपाय चालतो. गळक्या भूमिगत टाकीचं डिझेल पाणीपातळीच्या चढ-उतारासोबत वर-खाली माखलेलं असतं; त्याला दोन फुटांनी काय होणार? टीसीईसारख्या रसायनांची वाफ तर फरशीच्या भेगांतून नव्या इमारतीत शिरते, त्यामुळे फरशीखालच्या हवेचेही नमुने घ्यावे लागतात. खोदाई करायचीच असेल तर खड्ड्याच्या तळातून आणि चारही भिंतींतून नमुने घ्या आणि निकाल येईपर्यंत खड्डा बुजवू नका. बाहेरून येणारा भरावही तपासून घ्या. तो कधीकधी दुसऱ्या पाडलेल्या कारखान्याचाच असतो.