लुचियाचं सक्तीचं लग्न दिग्दर्शिकेने घुसवलेलं नाही

दिग्दर्शिका केटी मिचेल यांनी २०१६ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये बसवलेल्या 'लुचिया दी लामेरमूर' या ऑपेराबद्दल, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाबद्दल, एक दावा फिरतो आहे: स्त्रीमुक्तीचा मुद्दा रेटायचा म्हणून भावाने बहिणीचं जबरदस्तीने लग्न लावण्याचा भाग मूळ कथेत घुसवला. हे साफ चुकीचं आहे.

हा भाग १८३५ पासून, म्हणजे संगीतकार डोनिझेट्टींचा हा ऑपेरा नेपल्समध्ये पहिल्यांदा झाला तेव्हापासून संहितेतच आहे. घराणं बुडायला आलंय, म्हणून भाऊ एनरिको नायिका लुचियाला आर्तुरोशी लग्न करायला भाग पाडतो. तिचा प्रियकर दुसरीच्या प्रेमात पडला असं खोटं पत्र तिच्या हातात देतो. घरचा धर्मगुरूही मेलेल्या आईची आठवण काढून तिला गळ घालतो. लग्नाच्या करारावर सही करताच ती म्हणते, मी माझीच शिक्षा लिहून दिली. एवढं स्पष्ट असताना यात बाहेरून काय घालायचं होतं?

मिचेल यांनी भर घातली, हे मात्र खरं. त्यांची लुचिया गरोदर आहे. मूळ ऑपेरात आर्तुरोचा खून पडद्याआड होतो. इथे तो प्रेक्षकांसमोर, दासी अलिसाच्या मदतीने होतो. रंगमंचाचे दोन भाग केल्यामुळे एकीकडे पुरुष गात असताना दुसरीकडे या बायका काय करताहेत ते दिसत राहतं. ही भर कुणाला पटणार नाही, त्यावर जरूर भांडावं. पण लुचियावरची सक्ती आजच्या बाईने रचलेली आहे असं म्हणणं म्हणजे तिच्या घरच्यांना मोकळं सोडणं आहे.