इंजिनाचा आवाज नाही म्हणजे बिघाड नव्हे

'बटण दाबूनही इंजिन सुरू झाले नाही तर हायब्रिड बॅटरी उतरली असे समजावे,' हे हायब्रिड गाड्यांवरच्या तुमच्या लेखातले वाक्य कृपया दुरुस्त करा. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिनाबरोबरच नुसत्या बॅटरी-मोटरवरही चालू शकणाऱ्या गाडीत) ब्रेक दाबून बटण दाबले की डिस्प्लेवर 'रेडी' दिसते, आणि गाडी तेवढ्यावरच निघायला तयार असते. इंजिन लगेच सुरू होईल किंवा नंतर. ते गरम आहे का, बॅटरीत चार्ज किती, एसीचा भार किती, हे पाहून संगणक ठरवतो. सकाळी गार इंजिन बहुधा थोडा वेळ आपणहून चालते, तेही बिघाडाचे लक्षण नाही.

'रेडी' येतच नसेल, तर पहिला संशय साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. संगणक जागे होतात आणि मोठ्या, म्हणजे हायब्रिड बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडले जातात ते तिच्याच जोरावर. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. माझ्या बहिणीच्या गाडीचे पावसाळ्यात नेमके हेच झाले. घरचे सगळे मोठ्या बॅटरीच्या खर्चाने हबकले होते, मेकॅनिकने जंप-स्टार्ट दिला (१२ व्होल्टच्या बॅटरीला बाहेरून वीज जोडली) आणि गाडी चालू झाली. ब्रेक न दाबता बटण दाबून नुसती गाणी ऐकत बसलात तरी हीच बॅटरी उतरते, कारण 'रेडी' नसताना ती चार्ज होत नाही.

आणि एक गोष्ट लेखात हवीच होती: शांत आहे म्हणून गाडी बंद समजून उतरू नका. 'रेडी'त राहिलेल्या गाडीचे इंजिन बंद गॅरेजमध्येही आपोआप सुरू होऊ शकते, आणि तो धूर जीवघेणा असतो.