ओठांचा चंबू
कँपस इंटरव्ह्यू जवळ आले की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं संध्याकाळी माझ्याकडं जमतात, "सर, जरा प्रोनन्सिएशन तेवढं करून द्या की", जणू पंक्चरच काढून द्यायचंय. ग्रामर कसंबसं निभतं हो, घोडं अडतं ते डब्ल्यूपाशी.

आपल्याकडं व एकच, त्यातच व्ही आणि डब्ल्यू दोघांना कोंबलेलं, त्यामुळं वेस्ट म्हणजे पश्चिम का बनियन हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं. मी सांगितलं, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, डब्ल्यूला दात लावायचेच नाहीत, ओठांचा चंबू करा, शिट्टी मारताना करतो तसा. झालं! दोघांनी खरंच शिट्टी मारली आणि खालनं चाललेल्या शेजारच्या काकूंनी वर बघितलं.

त्यात एक जण जास्तच हुशार. "सर, व्हिडिओचा व्ह आन् व्हॉट्सॲपचा व्ह, लिवतो तर सेमच की ओ." एकात व्ही, दुसऱ्यात डब्ल्यू, आणि मराठीत दोन्हीकडं व्ह, आता याला काय डोंबल सांगणार, मी चहा टाकायला उठलो.

बरं, गावात लॉर्डांच्या नावाच्या दोन गोष्टी, १९१९चं विलिंग्डन कॉलेज आणि १९२९चा आयर्विन पूल, दोन्हीत डब्ल्यू, म्हटलं सरावाला आयतीच सोय. विलिंग्डनला चंबू बरा जमला. पुलापाशी मी बोलून गेलो की तो साहेब मुळात अर्विन, उच्चारात सुरुवातीला आय नाहीच. सगळे असे बघायला लागले की मी पूलच पाडायला निघालोय. "काय बी सांगताय सर, आज्ज्यापासनं आयर्विनच हाय."

मग पी घेतला. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प जोरात हवा सोडतो, आपला सोडत नाही, म्हणून ओठांसमोर कागदाचा कपटा धरून पेन म्हणायचं, कपटा हलला की पास. पण तोवर भडंगाची पुडी फुटली होती. कपटा जागचा हलला नाही, चुरमुरा आणि अर्धा शेंगदाणा तेवढा माझ्या चष्म्यावर आला.

रात्री त्याच हुशार पोराच्या आईचा फोन.

"सर, पोरगं तासभर आरशाम्होरं ओठाचा चंबू करून उभं हाय. कुणा पोरीचं लफडं न्हाय न्हवं?"

"छे हो ताई, डब्ल्यूचं आहे."

"व्हय? कुठल्या गल्लीतली ओ?"